घाणीच्या हंगामातला दाखला

काल दुपारी पुन्हा तो वास आला. बाल्कनीत वाळत घातलेले शर्ट मी धावत जाऊन आत घेतले, पण तोवर उशीर झाला होता. सगळे पुन्हा धुवायला टाकावे लागले. गहू आणि बार्ली कापून झाली की आमच्या गावाभोवतीच्या रिकाम्या शेतांवर टँकर फिरू लागतात. गाई-डुकरांचं मलमूत्र महिनोन्‌महिने टाक्यांत साठवून ठेवलेलं असतं, ते पातळ करून शेतांवर फवारतात. इथले लोक त्याला ग्युले म्हणतात. छाती भरून श्वास घेतात आणि "आहा, गावाकडची शुद्ध हवा" असा विनोद करतात. वोल्फ्सबुर्गच्या आसपास राहून मला आता वीसएक वर्षं झाली. दर सप्टेंबरात हा विनोद मी ऐकतो आणि दर सप्टेंबरात मला त्या वासाची आणि विनोद करणाऱ्याची सारखीच शिसारी येते.

मी मुळातच नाक मुरडणारा माणूस. लहानपणी पंगतीत शेजारच्याने भाताची कढी मनगटापर्यंत ओघळू दिली की माझं जेवण तिथेच संपायचं. एसटीच्या खिडकीला मी कधी डोकं टेकलं नाही. आई म्हणायची, याला सोवळ्यातच जन्माला घालायला हवं होतं. असा माणूस जर्मनीत येऊन स्वतःच्या पायांनी ग्युलेच्या शेतात गेला, गुडघाभर रुतला आणि तिथून एक कागद घेऊन परत आला. तो हंगाम आठवला की आजही तोंडाला एक वाईट चव येते. ती सगळी ग्युलेची नाही, हे मला माहीत आहे.

रॉकेटचं खूळ मला एका सहकाऱ्यामुळे लागलं. सन दोन हजार नंतरची पहिली काही वर्षं होती. इथल्या मोटार कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका लहान कंपनीत मी होतो. आमच्यासारखी जी मंडळी बॉबलिंगेनला किंवा म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला गेली, त्यांना मराठी शेजार मिळाला. ती गणपतीला हॉल भाड्याने घ्यायची, नाटकं बसवायची. आमच्याकडे मी, माझी बायको मंजिरी आणि गणपती, एवढेच. रविवारी गावात चिटपाखरू नसायचं. अशाच एका रविवारी सहकारी म्हणाला, चल, गंमत दाखवतो. एका कापलेल्या शेतात दहा-बारा माणसं रबरी बूट घालून उभी होती. चिखल, सॉसेजचा धूर, वर तो वास. मी रुमाल नाकाला लावून परत फिरणार होतो. तेवढ्यात कुणीतरी जर्मनमध्ये तीन, दोन, एक म्हटलं आणि माणसाच्या उंचीची एक पांढरी नळी प्रचंड आवाज करत सरळ आकाशात गेली. त्या सगळ्या गचाळपणातून एक स्वच्छ रेघ वर गेली आणि मी रुमाल खाली घेतला. मला ते हवं होतं. इतकं मला त्या देशात तोवर काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

पण हवं म्हणून मिळेल तो जर्मनी कसला. लहान रॉकेटं कुणीही उडवावीत. मोठी उडवायची तर त्यातल्या दारूसाठी आधी सरकारचा परवाना लागतो. त्यासाठी शनिवार-रविवारचा वर्ग केला. तिथे एक घामट मास्तर डुकराच्या मांसाचं सँडविच खात खात स्फोटकांचा कायदा शिकवायचा आणि त्याच बोटांनी आमच्या वह्या तपासायचा. मग कचेरीतून चौकशी झाली आणि एक पत्र आलं. सदर इसम विश्वासार्ह आहे, त्याच्याबद्दल कोणतीही शंका नाही, असा त्याचा अर्थ. परक्या देशाच्या सरकारने मला भरवशाचा ठरवलं, याचा मला इतका आनंद झाला की मी ते पत्र मंजिरीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मीही लिहून दिलं असतं. फुकट."

सरकारचं झालं की रॉकेट उडवणाऱ्यांच्या क्लबचा पहिला दाखला. त्याची अट सोपी होती. रॉकेट स्वतः बांधायचं, स्वतः उडवायचं, वर गेल्यावर त्याचं पॅराशूट उघडलं पाहिजे आणि ते न मोडता जमिनीवर आलं पाहिजे. पॅराशूट उघडलं नाही तर नापास, मग रॉकेट कितीही धड असो. कारण तेच रॉकेट पुढच्या वेळी कुणाच्या डोक्यावर येईल. आणि उडवायचं केव्हा? शेतं रिकामी झाल्यावर. म्हणजे ग्युलेच्या हंगामात. मधमाशीला फूल दिसावं तसा तो टँकरवाला आमचा रविवार नेमका हेरायचा.

त्या वर्षी मंजिरीचे वडील आमच्याकडे तीन महिने आले होते. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा संरक्षण खात्याच्या एका दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर यायचा, ते तपासायचे आणि शिक्का मारायचे. पास किंवा नापास. तिसरा शिक्काच नव्हता. एकदा त्यांनी एक अख्खा लॉट नापास केला. साहेबांनी बोलावून समजावलं, मग दरडावलं, मग दोन वर्षं लांब कुठेतरी बदली केली. अप्पांनी सही केली नाही. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही, मंजिरीने सांगितली. बदलीच्या त्या गावात शाळा नव्हती, म्हणून तिची दोन वर्षं मामाकडे गेली होती. सांगताना तिचा आवाज अर्धा रागाचा आणि अर्धा अभिमानाचा असायचा.

माझं आणि अप्पांचं फारसं बोलणं नव्हतं. ते मला श्रीकांतराव म्हणायचे, अहोजाहो करायचे आणि मी खोलीत आलो की पेपर खाली ठेवायचे. जुन्या वळणाचा माणूस, जावयाचा मान ठेवणारा. त्यांची एक पद्धत होती. जावयाला काही सांगायचं झालं तर एकदाच सांगायचं. ऐकलं तर ठीक, नाही तर दुसऱ्यांदा तो विषय काढायचा नाही. त्या पद्धतीचा मी पुढे केवढा गैरफायदा घेणार होतो, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रॉकेट मात्र आम्हाला जवळ घेऊन आलं. आमच्या इमारतीच्या तळघरात, जिथे भिंतींना हिरवट बुरशी होती आणि शेजाऱ्यांचे ओले बूट आंबत पडलेले असत, तिथे आम्ही दोघं रोज संध्याकाळी बसायचो. मला त्या तळघरात श्वास घ्यायची किळस यायची आणि अप्पांना ते जाणवतसुद्धा नव्हतं. नळीला लाकडी पंख चिकटवायचे होते. मी चिकटवलेला पहिला पंख त्यांनी डोळा बारीक करून पाहिला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "श्रीकांतराव, हा केसभर तिरका आहे." मी म्हटलं, केसभराने काय होतं. त्यांनी नळी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी मी ऐकलं. पंख काढला, घासला, परत लावला. मग त्यांनी नुसती मान हलवली. नोकरीत मिळालेल्या कुठल्याही बढतीने मला ती मान हलल्याइतका आनंद दिला नाही.

शेवटचं काम पॅराशूट घडी करून नळीत बसवायचं. ते लाल नायलॉनचं होतं. कापड एकमेकांना चिकटू नये म्हणून घड्यांमध्ये पावडर भुरभुरायची, अशी क्लबच्या कागदावर सूचना होती. लहान मुलांच्या अंगाला लावतात ती. आमच्या घरी लहान मूल नव्हतं आणि शनिवारी दुपारी आमच्या गावातली दुकानं बंद झाली की ती सोमवारीच उघडायची. पण नुकताच गणपती होऊन गेला होता. मंजिरीने उकडीच्या मोदकांसाठी पुण्याहून मागवलेली तांदळाची पिठी डब्यात उरली होती, पांढरी, मऊ, वस्त्रगाळ. मी डबा उघडला. अप्पा म्हणाले, "पिठी ओल धरते हो. हिला ही हवा मानवायची नाही." मी म्हटलं, "अप्पा, उद्या सकाळचाच तर प्रश्न आहे. पावडर काय आणि पिठी काय." त्यांनी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. भाकरीला पीठ लावावं तशी मी घडीघडीला पिठी लावली, गुंडाळी केली, नळीत सारली आणि रॉकेट त्या दमट तळघरात ठेवून वर आलो.

आजही मंजिरी पिठी चाळायला बसली की मी दुसऱ्या खोलीत जातो. मोदक मला आवडायचे. आता मी एखादा खातो, तोही ती समोर बसली असेल तर.

रविवारी शेतावर पोचलो तेव्हा टँकर पलीकडच्या तुकड्यावर फवारत होता. उडवण्याच्या जागेवर आदल्या दिवशीच फवारून झालं होतं. मंजिरी गाडीतून उतरलीच नाही. नाकाला ओढणी लावून तिने हाताने सांगितलं, जा तुम्ही. बुटाखाली ते पचपचत होतं. माशा होत्या. त्या वासात क्लबची मंडळी उभी राहून ब्रेडला लिव्हरची पेस्ट फासून खात होती. अन्न आणि विष्ठा यांच्यामध्ये या लोकांना काही भिंत आहे की नाही, असं मला तेव्हा वाटलं. आणि तसं वाटल्याची लाज अजिबात वाटली नाही.

परीक्षा घेणारे गृहस्थ होते हेर, म्हणजे श्रीयुत, क्रूगर. सत्तरीचे, लांबुडके, दुखऱ्या गुडघ्याचे. तेही मोटारीच्या सुट्या भागांची तपासणी करून निवृत्त झालेले. मी अप्पांची ओळख करून दिली आणि ते काय करायचे ते सांगितलं. जरा फुशारकीनेच सांगितलं, कारण त्याचा माझ्या निकालावर चांगला परिणाम होईल असा माझा हिशेब होता. क्रूगरांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी रॉकेट हातात घेतलं, डोळा बारीक केला आणि पंखावर अंगठा फिरवला. हुबेहूब अप्पांसारखा. मग त्यांनी ते अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी त्यांना नळीवरची एक जागा दाखवली, जिथे आम्ही रंग दोनदा दिला होता. क्रूगर हसले. दोघांना एकमेकांची अक्षरभर भाषा येत नव्हती आणि पाच मिनिटं ते दोघं त्या रॉकेटवर वाकून बोलत होते. मध्ये मी नुसता उभा.

"तर मग, हेर साठे," क्रूगर मला म्हणाले, "शेताच्या त्या टोकाला एक माणूस उभा करावा लागतो. रॉकेट कसं उतरलं ते तो बघतो आणि दाखल्यावर दुसरी सही त्याची असते. आज तुमचे सासरे उभे राहतील. मला याहून चांगला डोळा मिळायचा नाही."

नातेवाइकाची सही चालते का, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. अप्पा ताठ मानेने, चिखल तुडवत त्या टोकाला गेले. त्यांच्या पायात मंजिरीने घेऊन दिलेले नवे बूट होते. तेहतीस वर्षं केलेलं काम कुणीतरी त्यांना पुन्हा दिलं होतं, परदेशात, भाषेवाचून.

रॉकेट गेलं. काय गेलं म्हणून सांगू. आवाज आधी पोटात बसला आणि मग कानात. पांढरी रेघ सरळ वर, केसभरही तिरकी नाही. वर जाऊन ते क्षणभर रेंगाळलं, नाकाची टोपी सुटली, एक करडा धुराचा ठिपका दिसला आणि त्यातून लाल काहीतरी बाहेर पडलं. मी वाट पाहिली. ते लाल उमललं नाही. ओल्या पिठीने घट्ट धरलेली गुंडाळी तशीच्या तशी, दोरीला लोंबकळत, रॉकेटबरोबर खाली येत होती. पार शेवटी ते उभ्या मक्याच्या पट्ट्यामागे गेलं आणि कुणाला दिसेनासं झालं.

मी धावलो. क्रूगर गुडघ्यामुळे जागेवरच थांबले. मक्यापलीकडे ग्युलेने भिजून लापशी झालेली जमीन होती. रॉकेट त्यात शेपटाकडून हातभर रुतून सरळ उभं होतं. ज्या घाणीची मला सकाळपासून ओकारी येत होती, तिनेच ते झेललं होतं. एक पंखही दुखावला नव्हता. अप्पा माझ्याआधी तिथे पोचले होते. ते वाकून त्या लाल गुंडाळीकडे बघत होते.

"पिठीने धरलं," ते म्हणाले. बस्स, एवढंच. तुम्हाला सांगितलं होतं, असं पुढे काही नाही.

मी खाली बसलो. गुडघे त्या चिखलात गेले आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. गुंडाळी हातात घेतली, नखांनी घड्या सुट्या केल्या. ओल्या कणकेसारखा लगदा निघत होता, तो मी पँटला पुसला. मग पॅराशूट ओढून पूर्ण उघडलं आणि त्या घाणीवर पसरलं. ग्युले लागू दिली. वरून उघडून पडलं असतं तर जसं दिसलं असतं तसं केलं. वर बघितलं तर अप्पा माझ्याकडे बघत होते. मी जे करत होतो ते त्यांना समजायला भाषेची गरज नव्हती.

"श्रीकांतराव," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी परत उडवता येईल की."

एकदा सांगितलं. मी पॅराशूट तसंच उघडं हातावर घेतलं. रॉकेट उपसून काढलं आणि चालायला लागलो.

क्रूगरांनी रॉकेट तपासलं. घाण पुसून नळी पाहिली, पंख हलवून पाहिले, पॅराशूट पाहिलं. मग म्हणाले, "शाबूत आहे. पण मला ते उघडलेलं दिसलं नाही, हेर साठे. शेवटी मक्याच्या आड गेलं हे खरं. उघडलं होतं?"

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही हो म्हणणारच." ते हसले. "सासऱ्यांना विचारा."

मी अप्पांकडे वळलो. "विचारतायत, पॅराशूट उघडलं होतं का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"उघडलं म्हणून."

टँकर पलीकडे मागे येत होता, त्याची टीं टीं चालू होती. क्लबची चार माणसं आमच्याकडे बघत होती. सगळी अनोळखी, परकी, आणि त्यांच्यासमोर जावई उभा. अप्पांनी एकदा त्या लाल पॅराशूटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. सही केली, कारखान्याच्या कागदांवर करायचे तशी, पूर्ण नावाची, आणि सवयीने खाली तारीख घातली. क्रूगरांनी ती सही पाहिली. वर आकाशाकडे पाहिलं. चष्मा काढून दोन बोटांनी डोळे चोळले. "गेनाऊ," म्हणजे बरोबर, असं पुटपुटले आणि आपली सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला त्या हाताचीही किळस आली.

घरी आल्यावर मंजिरीने कपडे दारातच उतरवायला लावले. म्हणाली, "झालं का पास?" अप्पा म्हणाले, "झाले हो." ते न्हाणीघरात गेले. नळ बराच वेळ चालू होता. तिने शिरा केला होता. अप्पांनी नको म्हटलं, प्रवासापासून पोट जड आहे म्हणाले. प्रवासाला तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. मी शिरा खाल्ला. तीन वेळा साबणाने धुतलेल्या हाताने खाल्ला, आणि प्रत्येक घासाला मला बोटांना तोच वास येत होता.

किळस ही मजेशीर चीज आहे. इतरांच्या घाणीवर ती उभ्या आयुष्यात चुकत नाही. कुणाच्या नाकातलं, कुणाच्या ताटातलं, कुणाच्या गटारातलं तिला लांबून दिसतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ती सावकाश येते, आणि एकदा आली की धुता येत नाही. त्यानंतरचे अप्पांचे तीन आठवडे मी ऑफिसात उशिरापर्यंत बसून काढले. घरी ते माझ्याशी पूर्वीसारखेच होते. मी खोलीत आलो की पेपर खाली ठेवायचे. ते एकदा जरी मला घालूनपाडून बोलले असते तर मी त्यांचा जन्माचा ऋणी झालो असतो.

विमानतळावर निरोप घेताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "ते तुमचे तपासनीस. भला माणूस आहे. त्यांना एकदा भेटून या." मी बरं म्हटलं. ते एकदाच सांगायचे, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

मी गेलो नाही. सगळा हिवाळा गेलो नाही. कधी बर्फ होतं, कधी काम होतं. वसंतात क्लबच्या मंडळींबरोबर दोनदा उडवायला गेलो, तेव्हा क्रूगर नव्हते. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दाखल्यावर रॉकेटच्या जास्त ताकदीच्या मोटर मिळत होत्या, त्या लावून मी उडवलं. दोन्ही रॉकेटं छान उघडली आणि मला त्यात काडीचा आनंद झाला नाही. आकाशात जाणारी ती रेघ आता मला बघवत नव्हती.

मग पुन्हा सप्टेंबर आला, पुन्हा टँकर. शेतावर दाखल्यांची फळी घेऊन क्रूगरांच्या जागी दुसराच माणूस उभा होता. क्रूगर कुठे आहेत, मी विचारलं. "त्यांनी सोडलं. डोळे गेले त्यांचे," तो सॉसेज चावत म्हणाला.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दाखला खिशात होता. आतल्या बाजूला त्यांची बायको गिझेला भांडी आवरत होती. ते खिडकीपाशी बसले होते आणि मला पाहताच आनंदाने उठले. आधी अप्पांची चौकशी केली. मग मी विचारलं नसताना सांगायला लागले.

"तुमच्याच दिवशी कळलं मला. मी शपथेवर सांगितलं असतं की ते पॅराशूट बंद होतं. लाल गुंडाळी, मला स्वच्छ दिसली होती. आणि मग तुमच्या सासऱ्यांनी सही केली. घरी येऊन मी हिला म्हटलं, आता बस्स. मी तिथे लोकांना उभं करतो, त्यांच्या डोक्यावरून रॉकेट जातं. ज्याला बंद आणि उघडं कळत नाही त्याने ते काम करू नये. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, काही नाही, वयाच्या मानाने उत्तम आहेत. डॉक्टरांना काय कळतंय. मी गाडीसुद्धा विकून टाकली."

त्या गावात बस दिवसातून दोनदा येते. मी खिडकीबाहेर पाहिलं. गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत बटाट्यांची पोती रचलेली होती.

मी दाखला टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. पिठी सांगितली, त्यांना ती काय ते समजेना, ते समजावलं. चिखलात बसून घड्या कशा सोडवल्या ते सांगितलं. माझं जर्मन कधी नव्हे इतकं सरळ चाललं होतं. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघता आतल्या दाराकडे तोंड केलं.

"गिझेला," ते मोठ्याने म्हणाले, "माझे डोळे चांगले आहेत."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. ते माझ्यावर ओरडतील, दाखला तोंडावर फेकतील, याची मी तयारी करून आलो होतो. ते हसत होते. वर्षभर अंधारात बसवलेला म्हातारा माझ्यासमोर खुर्चीत हसत होता आणि मला जागच्या जागी वांती होईल असं वाटलं.

मग त्यांनी पेन घेऊन दाखल्यावर आडवी रेघ मारली आणि आपल्या सहीवर काट मारली. अप्पांच्या सहीपाशी पेन थांबलं. त्यांचं हसू उतरलं होतं.

"आणि ते?" त्यांनी विचारलं. "त्यांना माहीत होतं?"

मी त्या सहीकडे पाहिलं, खाली नीट घातलेल्या तारखेकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना जर्मन येत नाही. उघडलं नाही असंच ते म्हणाले होते. कागदावरही तसंच लिहिलं आहे, असं सांगून मी त्यांची सही घेतली."

"वाटलंच मला," क्रूगर म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं. "तसा माणूस खोटी सही करायचा नाही."

त्या माणसाशी मी बोललेलं हे दुसरं खोटं. अप्पा आता नाहीत, क्रूगरही नाहीत. हे खोटं तेवढं मी अजून कुणापाशी परत घेतलेलं नाही, आणि त्या सगळ्या हंगामातली मला किळस न येणारी तेवढी एकच गोष्ट आहे.